पौषातली थंडी आणि तेवीस दिवसांची आखणी

रविवार, १२ जानेवारी २०२५

बाबांची बदली झाली आणि जूनमध्ये आम्ही मांद्र्याहून वाळपईजवळच्या या गावात राहायला आलो, तेव्हा सत्तरी तालुक्यातल्या पावसाची भीती मला सगळ्यांनी घातली होती. थंडीविषयी मात्र कोणी काही बोलले नव्हते. समुद्राकाठी वाढलेल्या मला गोव्यात स्वेटर लागतो हेच खरे वाटत नसे. समुद्राचे पाणी आपली ऊब हळूहळू सोडते, म्हणून किनाऱ्यावरची रात्र फारशी गार होत नाही. इथे आकाश निरभ्र असले की दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून निवते, डोंगरउतारावरून खाली आलेली गार हवा खोऱ्यात साचून राहते, आणि सकाळी अंगणात पाऊल टाकावे तर दवाने पायरीसुद्धा ओली झालेली असते. दुपारी मात्र त्याच अंगणात सावली शोधावी लागते.

या थंडीशी माझी पहिली गाठ नीट पडली नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पहाटे साडेपाचला धावायला निघाले. मांद्र्याला ओहोटीच्या घट्ट वाळूवर मी धावत असे आणि तीच सवय इथे चालेल असे मी गृहीत धरले होते. अंधार होता, रस्ता उताराचा होता आणि मी अंथरुणातून उठून थेट धावू लागले होते. दुसऱ्याच वळणावर डाव्या पोटरीत अशी कळ आली की घरी लंगडत यावे लागले, आणि पुढचे आठ दिवस जिना उतरतानाही कठड्याचा आधार घ्यावा लागला. चूक कुठे झाली हे मी नंतर शांतपणे वाचून समजून घेतले. गारव्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू आणि त्यांचे बंध ताठर राहतात, आणि त्यातही पहाटेच्या वेळी शरीराचे स्वतःचे तापमान दिवसातले सर्वांत कमी असते. ते दिवसभर चढत जाते आणि संध्याकाळी सर्वाधिक होते. म्हणजे ज्या घटकेला माझे शरीर सर्वांत कमी तयार असते, नेमक्या त्याच घटकेला मी त्याच्याकडून सर्वांत जास्त मागत होते.

पहाटे उठणे म्हणजेच शिस्त, ही समजूत माझ्या मनात फार खोल बसलेली होती आणि ती सोडताना मला अपराधी वाटले, हे इथे लिहून ठेवते. पण व्यायाम संध्याकाळी करायचा, या माझ्या नव्या विचाराच्या बाजूने सूर्याचा हिशेबही आहे. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला होऊन गेला, तरी आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उशिराकडेच सरकत राहतो. सध्या तो सातच्या सुमारास होतो. दिवस जो काही वाढतो आहे तो सगळा संध्याकाळच्या पदरात पडतो आहे, आणि सूर्यास्त आता सव्वासहाच्या पुढे गेला आहे. कॉलेजमधून पाचला घरी आले तर तासभर चांगला उजेड मिळतो.

दुसरी गोष्ट मला अधिक आनंद देऊन गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम श्रमाचा व्यायाम किमान १५० मिनिटे करावा आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल हिशेबात धरत नसत. ती अट आता उरलेली नाही. आमच्या घरापासून कदंब या सरकारी बसच्या थांब्यापर्यंत पायी पंधरा मिनिटे लागतात. जाऊन-येऊन तीस, आणि कॉलेजचे पाच दिवस धरले तर बरोबर १५० मिनिटे. हे अंतर मी आजवर रेंगाळत, फोन पाहत काटत आले. ते झपझप चालायचे, इतके की सोबतच्या मैत्रिणीशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा बदल केला की आठवड्याच्या व्यायामाचा मोठा भाग साखळी गावाला जाणारी बस पकडण्यातच पुरा होतो.

काल रात्री शेजारच्या काकी मला मांडावर, म्हणजे गावातल्या नाचाच्या ठरलेल्या जागी, धालो हा बायकांचा नाच पाहायला घेऊन गेल्या. बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात, गात गात वाकून पुढे येतात आणि तशाच मागे जातात. काकींनी साठी ओलांडली आहे, आणि त्या पौषातल्या त्या गारव्यात किती तरी वेळ न थांबता वाकत आणि सरळ होत होत्या. सुरुवातीची गाणी संथ होती, पावले लहान होती. लय नंतर हळूहळू वाढत गेली. माझ्या पोटरीला डिसेंबरात जे हवे होते ते हेच होते, असे मला तिथे उभी असताना प्रकर्षाने जाणवले.

उद्यापासून ४ फेब्रुवारीच्या रथसप्तमीपर्यंत तेवीस दिवस आहेत, आणि तेवढ्यांचीच आखणी मी केली आहे. सकाळी घरातच, दार लावून, सहा सूर्यनमस्कार अगदी सावकाश घालायचे. दर आठवड्याला दोन वाढवत रथसप्तमीला बारा पुरे करायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी अंगणात बैठका आणि गुडघे टेकून जोर. धावणे फक्त शनिवारी, तेही सपाटीवर आणि दहा मिनिटे चालून झाल्यावर. परीक्षा आली तर बैठका सोडायच्या, चालणे सोडायचे नाही. थंडीत तहान लागत नाही म्हणून मी दिवसभरात फार कमी पाणी पिते, तेव्हा बाटली बसमध्ये निम्मी आणि दुपारी पूर्ण रिकामी व्हायला हवी. न्याहारीला आई नाचणीचे तिझण, म्हणजे पातळ खीर, करते. ते पिऊन बाहेर पडले की थांब्यापर्यंत थंडी बोचत नाही.

मैत्रिणीला निरोप पाठवला आहे. ती सव्वासातला वडाखाली भेटेल. स्वेटर खुर्चीवर काढून ठेवला आहे. उद्या पौर्णिमा आहे, आणि काकींनी मला धालोच्या रांगेत उभे राहायला बोलावले आहे.