बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तोंडी सांगून थकले. मांडव्याच्या लाँचमध्ये विचारता, मासळीबाजारात पिशवी धरून उभी असते तेव्हा विचारता, परवा तर हळदीच्या मांडवात विचारलंत. "बाई, ते इस्रायल-पॅलेस्टाईनचं तुम्ही एवढं का लावून धरता? कुठल्या कुठे आहे ते! आणि तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

हे दोन्ही प्रश्न एका दमात येतात आणि मला दर वेळी तिथेच राग येतो. त्या भांडणाशी आपला संबंध नसेल, तर माझी बाजू जाणून काय करणार? आणि बाजू जाणून घ्यायचीच असेल, तर संबंध आहे हे तुम्हीच कबूल केलंत.

विचारणारे बहुतेक माझेच विद्यार्थी. एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि जन्मभर एकच सांगत आले, मत काहीही असू दे, सनावळी तपासून घे. त्यामुळे माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणी लिहितं की नेहरूंनी इस्रायलला मान्यताच दिली नव्हती, तेव्हा मला गप्प बसवत नाही. मान्यता १७ सप्टेंबर १९५० ला दिली. १९५३ मध्ये मुंबईत त्यांचं वाणिज्य दूतावासाचं कार्यालयही उघडू दिलं. राहिले होते ते पूर्ण राजनैतिक संबंध, ते २९ जानेवारी १९९२ ला जुळले. दुसरा लिहितो की भारत पहिल्यापासून इस्रायलच्या पाठीशी. मग २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, त्या तेरांत आपण होतो, त्याचं काय करायचं? तिसरा २७ ऑक्टोबर २०२३ चं मतदान दाखवतो, आमसभेत युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. चौथा १२ डिसेंबरचं दाखवतो, भारतानं युद्धबंदीच्या बाजूनं मत दिलं. दोन्ही तारखा मी एका ओळीत लिहिल्या की दोघांचीही वैरीण होते.

याला तुम्ही भांडण म्हणता. मी दुरुस्ती म्हणत असे. आता तितक्या खात्रीनं म्हणवत नाही.

आधी ते लांब-जवळचं बघू. इस्रायल आळी म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदींची, बेने इस्रायलींची वस्ती, तिच्याबद्दल अलिबागकरांना मी नव्यानं काय सांगू? माझी मैत्रीण त्या आळीतली. पाचवीपासून एका बाकावर. त्यांच्याकडे मलिद्याचं ताट झालं की पोहे-खोबऱ्याची वाटी माझ्यासाठी झाकून ठेवलेली असायची. १९७२ साली ते कुटुंब इस्रायलला गेलं. जाताना तिच्या आईनं घराची किल्ली ज्या शेजाऱ्यांच्या हातात दिली, त्यांचा मुलगाही आमच्याच वर्गात होता. पुढे तो गणिताचा शिक्षक झाला, मी इतिहासाची, दोघं एकाच शाळेत. तेव्हापासून आम्ही एकमेकांना सर आणि बाई म्हणू लागलो, ते अजून तसंच. सर कोकणी मुसलमान. ती किल्ली आज त्रेपन्न वर्षं त्यांच्या घरात खुंटीला आहे.

मैत्रीण इस्रायलमधल्या अश्दोदला असते, गाझाच्या उत्तरेला, समुद्रकाठी. पहिल्याच पत्रात तिनं लिहिलं होतं, वारा आपल्यासारखाच आहे, फक्त भिंतींना जांभा दिसत नाही. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट होती. आपली बेने इस्रायली माणसं पुरती यहुदी आहेत की नाहीत, त्यांच्याशी लग्नं लावायची की नाही, असा वाद तिथल्या धर्मपीठानं काढला होता. त्यासाठी आपल्या माणसांना जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, आणि १९६४ मध्ये कुठे ते मिटलं. "म्हणजे इथे येऊनही आम्ही कोण ते आम्हीच सिद्ध करायचं," असं तिनं लिहिलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीनं. हे वाक्य मी वर्गात कितीदा सांगितलं असेल.

सरांचा धाकटा भाऊ कुवेतला होता. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या. पुढच्या दोनेक महिन्यांत एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय अम्मानहून विमानानं परत आले, त्यात तो होता. अम्मानपर्यंतच्या वाळवंटातून त्याला स्वतःच्या गाडीत बसवून नेलं ते एका पॅलेस्टिनी शाळामास्तरानं. कुवेत सुटल्यावर तिथल्या बहुतेक पॅलेस्टिनींना हाकललं गेलं. पॅलेस्टिनींचे नेते अराफत इराकच्या सद्दामच्या बाजूला गेले, त्याची किंमत या साध्या माणसांनी दिली. त्या मास्तरांचा पत्ता सरांच्या घराला पुन्हा कधी लागला नाही. आता सांगा, हे लांबचं आहे का? आपल्या किनाऱ्यावरची अर्धी घरं आखातावर चालतात आणि तुम्ही मला नकाशावरचं अंतर सांगता.

आता ज्या दिवसाबद्दल कोणी उघड विचारत नाही, पण माझ्या पाठीमागे बोलतात, तो दिवस सांगते.

१५ ऑक्टोबर २०२३, रविवार, घटस्थापना. गाझातल्या हमासनं इस्रायलवर हल्ला केला त्याला आठ दिवस झाले होते. पहाटे उठून घट बसवला आणि नेहमीसारखी समुद्रावर गेले. आदल्या दिवशी अमावास्या झालेली, त्यामुळे ओहोटी अगदी लांबवर. कुलाबा किल्ल्याकडे माणसं चालत निघाली होती. आमचा फिरणाऱ्यांचा घोळका कठड्यापाशी चहा घेत होता. सर, मी आणि आणखी पाच जण. तुमच्यापैकी दोघं तिथे होतात.

बोलता बोलता सर म्हणाले, "मारले गेले ते सैनिकच होते हो सगळे. तिथे घरटी माणूस सैन्यात जातो. साधा नागरिक म्हणून कोणी नसतोच."

हे खोटं होतं. आजही खोटंच आहे. संगीताच्या मेळाव्यातली पोरं, वस्त्यांमधल्या म्हाताऱ्या, लहान मुलं. मारल्या गेलेल्यांत बहुसंख्य नागरिक होते. मी तसं सांगितलं. आवाज चढला असेल. "चौदाशे माणसं मारली," असं मी म्हणाले. तेव्हा तोच आकडा सांगितला जात होता. पुढच्याच महिन्यात इस्रायलनं स्वतः तो बाराशेच्या आसपास आणला. म्हणजे सनावळी तपासा म्हणणाऱ्या बाईचा आकडाही त्या दिवशी कच्चा होता.

सर म्हणाले, "आणि गाझात आठ दिवसांत दोन हजारांवर गेले, ते?"

मी म्हटलं, "ते नंतर. आधी तुम्ही निषेध करा."

त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हणून मी पुन्हा म्हटलं. "सर, सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत निषेध करा. मग पुढचं बोलू."

कोणी काही बोललं नाही. चहावाल्यानं आमच्याकडे बघून स्टोव्हची हवा सोडली, तो आवाज मला अजून आठवतो. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. मग नेहमीच्या आवाजात, वर्गात गणित उलगडून सांगावं तसं एकेक पायरी सांगितली.

"बाई, सात तारखेला संध्याकाळी मी तिला फोन लावला. लागला नाही. रात्री दीडला लागला. इमारत जुनी आहे, आश्रयाची खोली नाही, म्हणून जिन्यात बसली होती. नातवाला सैन्यातून बोलावणं आलं होतं. तेव्हापासून रोज एकदा करतो. काल विचारत होती, तुमचा फोन कसा नाही म्हणून. मी म्हटलं, बाई कामात असतील."

ग्लास ठेवून ते निघून गेले.

मी खरंच कामात होते. त्या आठ दिवसांत ग्रुपवर, शेजारी, नातेवाईकांत मी ब्रिटिशांच्या बाल्फोर जाहीरनाम्यापासून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धापर्यंत सगळं मांडत होते. कोणाचं काय चुकलं ते रात्री दोनपर्यंत जागून लिहीत होते. तिचा नंबर त्याच फोनमध्ये होता. मनात आलं नाही असंही म्हणता येत नाही. आलं होतं. वाटलं, तिच्या मागे आत्ता धावपळ असेल, दोन दिवसांनी करू. मग पुढचा कोणीतरी काहीतरी लिहायचा.

त्या दिवसानंतर सर सकाळी येत नाहीत, संध्याकाळी फिरतात. वैर नाही. ईदला शीरखुर्मा येतो. पूर्वी ते स्वतः डबा घेऊन यायचे आणि तासभर बसायचे. आता नातू दारात डबा देतो आणि "आजोबांनी दिलंय" म्हणून पळतो.

मी बदललं पाहिजे असं तुम्हाला वाटत असेल. थांबा. ते वाक्य खोटं होतं आणि ऐकणारी पाच माणसं ते घरी घेऊन गेली असती. मारल्या गेलेल्या लेकरांना कोणी सैनिक म्हणत असेल, तर माणूस चांगला आहे, फोन करतो, म्हणून सोडून द्यायचं? फोन करण्यानं वाक्य खरं होत नाही. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं आहे आणि दर वेळी ते मला पटतं.

पण दुसरं एक आहे, ते पटवून घेता येत नाही. त्याच आठवड्यात ग्रुपवर आपल्यातल्याच एकानं लिहिलं होतं, "गाझा एकदाची सपाट करून टाका." त्याला मी उत्तर दिलं. गाझा पट्टी ४१ किलोमीटर लांब आहे, अलिबागहून मुरूडच्या रस्त्याला लागलं तर काशीद ओलांडून नांदगावच्या आसपास संपेल एवढी, आणि त्यात वीस लाखांवर माणसं राहतात, असं समजावून लिहिलं. चांगलं उत्तर होतं. पण त्याला मी "आधी निषेध कर" म्हटलं नाही. ना त्याला, ना अशा दुसऱ्या कोणाला. ते मी आयुष्यात एकाच माणसाला म्हटलं, जो माझ्याबरोबर पाचवीत होता. तू कोण ते आधी सिद्ध कर. मैत्रिणीचं ते पत्र वर्गात वाचून दाखवणारी मीच होते ना?

यावर मी स्वतःशी असाही युक्तिवाद केला की मी तिच्याकडेही तेच मागितलं आहे. मागितलं, हे खरं. त्या रविवारी दुपारीच फोन केला, रडलो दोघी. पुढे २०२४ च्या मे महिन्यात गाझातल्या रफामध्ये इस्रायली फौजा शिरल्या, तेव्हा मी तिला गाझातल्या मृत मुलांबद्दल विचारलं. म्हटलं, तू काहीतरी बोल. ती म्हणाली, "तुला माझ्याकडून काय हवंय गं? आकडे मला माहीत आहेत. माझा नातू तिथे आहे, हे तुला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. तरीही म्हटलं, "मला तुझं मत हवंय." तिनं फोन ठेवला. तेव्हा थोडं बरं वाटलं होतं, की चला, दोघांनाही सारखं विचारलं, मी न्यायानं वागले. किती दिवस वाटलं? आठवडाभर. त्यानंतर गाझाच्या आरोग्य खात्यानं मोजलेला मृतांचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला, ते २०२५ च्या जुलैमध्ये. मी तिला फोन केला नाही. ती काय म्हणेल याची भीती वाटली, की मी काय म्हणेन याची, ते ठरवता येत नाही.

मुलगा म्हणतो, ग्रुप सोड. सोडला होता, दोन महिने. परत गेले तर १९४७ ते १९९२ सगळं उलटंपालटं करून ठेवलेलं, आणि शाळेत इतिहास शिकवणारे माझेच दोन विद्यार्थी त्यावर अंगठे दाखवत होते. मी कशी गप्प बसू? तुम्ही बसाल?

बाजू विचारलीत, तर घ्या. ७ ऑक्टोबरला घरात शिरून माणसं मारली, उचलून नेली, तो गुन्हा होता. त्याच्या बदल्यात गाझावर जे केलं गेलं तो त्याहून कितीतरी पटीनं मोठा अनर्थ आहे, आणि पहिलं दुसऱ्याला परवानगी देत नाही. १९६७ साली घेतलेल्या जमिनीवर पॅलेस्टिनींचं राज्य व्हावं, आणि माझ्या मैत्रिणीला जिन्यात बसावं लागू नये. हे मी कठड्यापाशीही म्हणू शकले असते. सरांनाही यातलं बहुतेक मान्य झालं असतं. मी आधी मागणी केली.

गेल्या आठवड्यात सरांचा निरोप आला, कित्येक महिन्यांनी. सोबत त्या बंद घराचा फोटो. माडाची झावळी पडून मागच्या बाजूची मंगलोरी कौलं फुटली आहेत, दोन वासे कुजलेले दिसतात. खाली लिहिलंय, "बाई, पावसाच्या आत हे करावं लागेल. खर्च किती करायचा ते तिला विचारून सांगा."

तिच्याशी ते स्वतः रोज बोलतात. रफानंतर माझं आणि तिचं बोलणं नाही, हेही त्यांना माहीत आहे.

मी अजून विचारलेलं नाही.