पळपुटा 'स'

नेदरलँड्समध्ये तयार तूप मिळतं, पण मी घरीच कढवते. अडीचशे ग्रॅमच्या लोण्याच्या दोन वड्या, जाड बुडाचं पातेलं, मंद आच. परवा वड्या कडेने सैल होऊन तळाशी घसरू लागल्या, तेवढ्यात शेजारी उघड्या पडलेल्या केकच्या डच पाककृतीतला पहिला शब्द दिसला: 'स्मेल्ट'. वितळवा!

क्रियापद 'स्मेल्टन', भूतकाळ 'स्मोल्ट'. लोणी आपणहून वितळलं तरी स्मोल्ट, मी वितळवलं तरी स्मोल्ट. आपल्याकडे 'वितळलं' आणि 'वितळवलं' यांत एक 'व' घातला की कर्तबगारी कोणाची ते कळतं. जुन्या जर्मानिक भाषांतही (म्हणजे डच, जर्मन, इंग्रजी ज्या कुळातल्या त्या) यासाठी दोन वेगळी क्रियापदं होती; बोलता बोलता तीच एकमेकांत वितळली.

मला गंमत वाटते ती सुरुवातीच्या 'स'ची. इंग्रजीतल्या 'मेल्ट'ला तो नाही. तिथलं धातू गाळण्याचं 'स्मेल्ट' मात्र 'स'सकट आहे, कारण ते डच-जर्मन शेजारातून उसनं आणलेलं. हा 'स' फार पळपुटा. या भाषांच्या दूरच्या नात्यातल्या संस्कृतातही असाच लपाछपी खेळतो: 'पश्यति'मध्ये गायब, 'स्पष्ट'मध्ये हजर, आणि दोन्ही बघण्याच्या एकाच धातूचे. डुकराच्या चरबीला जर्मन 'श्माल्ट्स' म्हणतात, तो याच घरातला. डच तोंडात त्यातला 'ल' विरून 'स्माउट' झाला. बेल्जियमच्या जत्रांत साखर भुरभुरलेले गरम 'स्माउटेबोलन' मिळतात, त्यांच्या नावात ही चरबी अजून आहे. (शाकाहाऱ्यांनी कढईत काय आहे ते विचारून घ्यावं. मी पहिल्यांदा विचारलं नव्हतं.)

आता 'स' बाजूला ठेवून मागे जायचं. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्याच्या मुळाशी 'मेल्ड' असा धातू मांडतात, अर्थ नरम होणं. संस्कृत 'मृदु' त्याच मुळाचा. प्राकृतात 'मृदु'चा 'मउ' झाला आणि मराठीत मऊ. हे कळलं तेव्हा मी पातेल्यासमोर उभी होते, आणि तेवढ्या वेळात बेरी जरा जास्तच लाल झाली.

तूप गाळलं. खरवडलेल्या बेरीत साखर घालून चमचाभर उभ्याउभ्याच खाल्ली. केक राहिलाच. रात्री मऊ भात केला, मेतकूट भुरभुरलं आणि वर ते कोमट तूप सोडलं.