परत परत तेच

शुक्रवार, रात्री उशिरा

भाचा पुण्याहून सुट्टीला आलाय. सकाळी पोह्यांवर आमचा इंदुरी जिरावण मसाला भुरभुरून घेतलं आणि बशी हातात घेऊनच माझ्या कॉम्प्युटरपाशी बसला. 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' अर्धवट पडलेला बघून म्हणाला, "मावशी, शंभर तासांचा गेम आहे! असा कसा सोडलास तू?"

त्याच्या बाजूने बघितलं तर हा हिशेब बरोबरच आहे. पैसे मोजके, वर्षाला एखादा मोठा गेम परवडतो, मग तो पुरला पाहिजे. माझं उलट आहे. ऑफिस, स्वयंपाक, बाबांची औषधं आटोपली की रात्री दहानंतर जे उरतं ते माझं. त्या वेळात गेमने तेच ते करायला लावलं, तर का लावलं हे मी विचारणारच.

ओडिसी तेच ते करायला लावतो. २०१८चा गेम, अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धाचा काळ. दिसायला इतका सुरेख की नुसतं जहाज घेऊन एजियन समुद्रात भटकावं, खलाशांची गाणी ऐकावीत. ग्रीक पुतळे आपण संग्रहालयांत पांढरे बघतो, ते मुळात रंगवलेले असत. इथे ते रंगीत आहेत. नायिका कसांड्राच्या आवाजातला मिश्कीलपणा तर मला कथेपेक्षा जास्त आवडला. पण करायचं काय? छावणीत शिरा, कप्तानाला मारा, पेटी उघडा, बाहेर पडा. पुढच्या बेटावर तशीच छावणी आणि त्याच कप्तानाचा भाऊ शोभेल असा कप्तान. मुख्य कथा मध्येच अडते, कारण तुमची लेव्हल, म्हणजे गेममधली ताकद, कमी पडते. ती वाढवायची तर आणखी छावण्या. आणि गेमच्याच दुकानात, खऱ्या पैशांत, लेव्हल कायमची भराभर वाढवणारा 'एक्सपी बूस्ट' विकायला ठेवलेला! मधला भाग लोकांना नकोसा होणार हे बनवणाऱ्यांनाच ठाऊक असावं, नाहीतर तो टाळायचे पैसे कोण मागेल?

गंमत म्हणजे याच गेममधून लढाया काढून टाकल्या तर उत्तम वस्तू उरते. २०१९ मध्ये त्यांनी 'डिस्कव्हरी टूर' आणली, नुसतं हिंडायचं आणि माहिती ऐकायची. बाबांना ती लावून दिली होती. त्यांनी अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवर मनसोक्त फेरफटका मारला आणि विचारलं, "पार्थेनॉन एवढं कोरं करकरीत कसं काय?" बरोबर आहे, इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ मध्ये ते मंदिर बांधलं आणि गेमची कथा ४३१ची. नवंच होतं.

शनिवार, दुपार

आज वादाला 'रेड डेड रिडेम्प्शन २', अमेरिकेतल्या दरोडेखोरांच्या टोळीचा गेम. भाच्याला तो कंटाळवाणा वाटतो. "मावशी, प्रत्येक खण उघडायला तो माणूस एवढा वेळ लावतो. घोड्याला खरारा करा, शिकार सोला, दाढी वाढली की करा. गेम आहे का नोकरी?"

बाबा पलंगावरून म्हणाले, "विलंबित आहे."

बाबा अमीर खाँसाहेबांचे भक्त. आमच्या इंदूरचे उस्ताद, १९१२ ते १९७४, आणि त्यांचा मारवा राग आमच्या घरात देवपूजेइतका नियमित. इतकी संथ झुमरा तालाची विलंबित लय की नवख्याला वाटावं, हे सुरू तरी कधी होणार? पण समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघताना आत काहीतरी चाललेलं असतं. रेड डेडमध्येही चाललेलं असतं. रस्त्यात साप चावलेला एक माणूस ओरडत असतो. थांबून त्याचं विष काढलं, तर पुढे तोच बंदुकीच्या दुकानाबाहेर बसलेला भेटतो, ओळखतो आणि 'आत जा, काय हवं ते घे, पैसे मी देतो' म्हणतो. मी तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसले होते. टोळीच्या तळावरची माणसं रात्री शेकोटीपाशी गातात, भांडतात, तुम्ही दोन दिवस आला नाहीत तर तसं बोलून दाखवतात. वेग वाढवला असता तर यातलं काहीच उरलं नसतं.

खोट दुसरीकडे आहे आणि ती मोठी आहे. मोहिमेबाहेर पूर्ण मोकळीक देणारा हा गेम मोहीम सुरू झाली की बोट धरतो. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या माणसामागून, ठरलेल्या दगडाआड. बाजूने वळसा घालून शत्रूच्या पाठीमागे जावं म्हटलं की पडद्यावर 'मोहीम अयशस्वी'. आर्थर मॉर्गनसारखा नायक लिहायचा आणि खेळणाऱ्याला मात्र रांगेत उभं करायचं, हे मला अजून पचलेलं नाही.

बाबांच्या बोलण्यावरून दुपारभर डोक्यात तेच घोळतंय. खाँसाहेबांच्या गाण्याचा कणा म्हणजे मेरुखंड. सूर सातच, पण त्यांचा क्रम बदलत गेलं तर ५०४० मांडण्या होतात. लहानपणी हे रोज घोकायचं. बाहेरून ऐकणाऱ्याला परत परत तेच. पण गाणाऱ्याचा गळा दर खेपेला थोडा बदललेला असतो. मग तो रियाज. आणि काहीच बदलत नसेल, नुसता आकडा वाढत असेल, तर ती बेगार. गेमला मी हाच एक प्रश्न विचारते. ग्राफिक्स नंतर.

शनिवार, रात्री

झोप येईना म्हणून जुनं काढून बसले. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. मूळ १९८९चा, जॉर्डन मेकनरने जवळजवळ एकट्याने केलेला. धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची चाल काढली. ती चाल आजही बघत राहावीशी वाटते. त्याला वजन आहे. धावताना एकदम थांबता येत नाही, कडेला आल्यावर पाऊल मोजून टाकावं लागतं.

पण किती निष्ठुर! राजकन्येला वाचवायला तास आहे तो खरोखरचा घड्याळी तास. सेव्ह केलं तरी गमावलेली मिनिटं परत मिळत नाहीत. आठव्या लेव्हलला पोचलात आणि घड्याळात पाचच मिनिटं उरली, तर तिथवरचं सगळं बाद. हा रियाज खराच, पण छडी घेऊन बसलेल्या गुरूचा. आजच्या मुलांनी यापुढे मान डोलवावी अशी माझी अपेक्षा नाही. 'पूर्वीचे गेम खरे' म्हणणाऱ्यांतली मी नाही. पूर्वीच्या कितीतरी गेममध्ये अवघडपणा एवढ्यासाठीच असायचा की आत मजकूर थोडा होता.

तरी यातली ती सावली! आरशातून उडी मारली की राजपुत्राचीच सावलीसारखी आकृती बाहेर पडते, पुढे औषध पिऊन टाकते, दरवाजा लावून घेते, शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की तो आपल्यालाच लागतो. तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात चालत जायचं. मेकनरकडे कॉम्प्युटरच्या मेमरीत नव्या पात्राला जागाच नव्हती, म्हणून त्याने नायकाचीच चित्रं पुन्हा वापरून ही सावली उभी केली. 'परत तेच' याचा इतका हुशार उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

भाच्याला मी 'सेलेस्ट' दाखवला, २०१८चा. तोही उड्यांचाच, तोही अवघड. पण मेलात की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच खोलीत परत. कडेवरून पाय किंचित सुटला तरी उडी मान्य करतो, म्हणजे चूक पकडायला टपलेला नाही. किती वेळा मेलात हे मोजतो, पण वर सांगतो की त्या आकड्याचा अभिमान बाळगा, तुम्ही शिकताय. स्ट्रॉबेऱ्या गोळा करायच्या असतात आणि गेम स्वतःच कळवतो की मित्रांपुढे मिरवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. कुणाला फारच जड जात असेल तर खेळ सोपा करून घ्यायला 'असिस्ट मोड' आहे, कमीपणा न आणता. एकच तक्रार. नायिका मॅडलीनच्या मनातली भीती डोंगर चढतानाच कळते, ती संवादांतून पुन्हा समजावून सांगायची गरज नव्हती.

रविवार

बिल्डिंगमधली मुलं दुपारी जमली. त्यांच्यात अजून 'ईए क्रिकेट ०७' चालतो! २००६ला आलेला गेम, त्यानंतर ईए कंपनीने कॉम्प्युटरसाठी क्रिकेट काढलाच नाही, आणि पोरांनी स्वतः पॅच, म्हणजे गेम बदलणाऱ्या फाइली, टाकून त्यात नवे खेळाडू, नवे कपडे घालून तो जिवंत ठेवलाय. समालोचक रिची बेनोंचा आवाज अजून तसाच गोड. बॅटवर चेंडू बसल्याचं समाधान नंतरच्या कितीतरी क्रिकेट गेमना जमलेलं नाही. पण पुढे सरसावून उचलायचा तो एक फटका बोटात बसला की संपलं. वेगवान असो, फिरकी असो, षटकार. शतक होतं पण धाकधूक होत नाही. आपल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर २०११ मध्ये सेहवागने १४९ चेंडूंत २१९ ठोकले, त्या दिवशीसुद्धा १७०वर वेस्ट इंडिजच्या सॅमीच्या हातून त्याचा झेल सुटला होता. तो झेल गेममध्ये उडतच नाही.

संध्याकाळी 'एल्डन रिंग'. २०२२चा. याबद्दल माझं मत सरळ नाही.

बाहेर पडल्या पडल्या सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार उभा असतो. त्याच्याशी लढायला गेलात की मेलात. गेम एक अक्षर बोलत नाही, पण कळतं की इथून निघायचं आणि नंतर यायचं. किल्ल्याच्या दाराशी मार्गिट नावाचा राक्षस. तो काठी उगारतो आणि उगारलेली धरून ठेवतो. घाबरून आधी उडी मारली की मगच खाली आणतो. दहा वेळा मेल्यावर अंगात येतं की हात बघायचा नाही, खांदा बघायचा. हा शुद्ध रियाज. आणि नाहीच जमलं तर दक्षिणेला जा, अर्धा प्रदेश मोकळा आहे. मेल्यावर लांबून पळत यायची शिक्षाही बनवणाऱ्यांच्या आधीच्या गेमपेक्षा पुष्कळ कमी केली आहे. अवघड असून उदार असलेला मोठा गेम क्वचितच मिळतो.

मग तुम्ही भुयारं उघडायला लागता. तेच दगडी जिने, तीच तरफ, आणि शेवटी मागच्या भुयारातला राक्षस, या वेळी दोन. गॉड्रिकसारख्या पहिल्या मोठ्या शत्रूची नक्कल पुढे एका तुरुंगात गॉडफ्रॉय नावाने उभी करतात. अरे, नाव तरी लांबचं ठेवा! मेकनरकडे मेमरी नव्हती, यांच्याकडे कसली टंचाई होती? एवढा पसारा निम्म्यावर आणला असता तर हा गेम दुपटीने चांगला झाला असता. भाचा म्हणतो हे पाप आहे. म्हणू दे.

सोमवार

भाचा सकाळी गेला. जाताना 'राजी' पूर्ण करून गेला, एका बैठकीत. पुण्यातल्याच लोकांनी केलेला, २०२०चा, त्यामुळे त्याला अभिमान आणि मला धास्ती, कारण आपल्या माणसांचं काम असलं की खरं बोलणं अवघड होतं. पहाडी चित्रांसारखे रंग, कथा सांगायला बाहुल्यांच्या सावल्या, दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत नायिका राजीच्या लढाईवर टिप्पणी करतात. पुढे हिंदी आवाजही आले. हे सगळं मनापासून केलेलं आहे. पण कॅमेरा आपल्या हातात नसल्यामुळे उडी कुठे पडेल ते कळत नाही, लढाईची वेळ झाली की चौकात कोंडतात आणि एक हत्यार हातात बसतंय तोवर कथाच तुटते. शेवट झाला असं नाही, थांबवला असं वाटतं. 'आपला' म्हणून पाठ थोपटणाऱ्यांनी पुढचा गेम बिघडवू नये एवढीच इच्छा.

आईने मध्येच विचारलं, "माझ्या खेळाबद्दल लिहितेस का?" आईचा खेळ म्हणजे 'कँडी क्रश'. मी म्हटलं, "आई, पाच जीव देतात, संपले की अर्ध्या तासाला एक, आणि तेवढा दम नसेल तर पैसे टाका. याला काय लिहू?" आई म्हणाली, "जीव संपले की मी उठते. तुम्ही लोक उठता का?" मुद्दा बिनतोड आहे, फक्त तो गेम बनवणाऱ्यांच्या मनात नव्हता.

भाच्याला मी 'आउटर वाइल्ड्स' देऊन पाठवलंय. २०१९चा. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो, सगळं संपतं आणि पहाट पुन्हा होते. हातात नवं हत्यार येत नाही, लेव्हल वाढत नाही. बदलतं ते एवढंच की मागच्या खेपेला आपण काय वाचलं, काय पाहिलं. शेवटापर्यंत कसं जायचं हे ठाऊक असतं तर पहिल्याच फेरीत जाता आलं असतं. दोषही आहेत. एका ग्रहावर वाळू उतरेपर्यंत नुसतं ताटकळायचं, आणि तेवढ्यात यान आपटलं की पुन्हा पहिल्यापासून तेवढंच ताटकळायचं. ही मात्र बेगार, माझ्या लाडक्या गेममधलीही.

आत्ता रेल्वेतून त्याचा मेसेज आला. लॅपटॉपवर सुरू केलंय, कुठेतरी अडकलाय, "मावशी, फक्त एक हिंट." नाही दिली. या गेममध्ये मिळवण्यासारखं जे काही आहे ते माहितीच आहे, मी सांगितलं तर त्याला खेळायला काय उरेल? जेवलास का ते विचारलं.