कोकणपट्टीवर चौकटी किती मावतात?

संगणकाच्या पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, एआय घेऊ की क्लाउड?" यंदा तो हर्णैच्या एका मुलाने विचारला. त्याच्या वडिलांची लाँच आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असल्यामुळे ती किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवली होती. मी उलट विचारले, "बाबा पावसाचा अंदाज कुठे बघतात?" तो म्हणाला, "बघतात मोबाइलवर, पण भरवसा वाऱ्यावर." पुढचे दोन तास आम्ही त्या मोबाइलवरच्या अंदाजावरच घालवले, कारण संगणनात गेल्या काही वर्षांत जे बदलले आहे त्यातले बरेचसे त्या एका पडद्यामागे सापडते.

हवामानाचे गणित करणारा संगणक पृथ्वीवर चौकटींचे जाळे कल्पितो आणि प्रत्येक चौकटीत, तिच्यावरच्या हवेच्या एकेका थरात, तापमान, दाब, आर्द्रता आणि वारा पुढच्या काही मिनिटांनी किती असतील ते काढतो. मग त्या उत्तरावरून त्यापुढची मिनिटे, असे करत दहा दिवसांपर्यंत पोहोचतो. आपल्याकडच्या जागतिक प्रारूपात, म्हणजे साऱ्या पृथ्वीचे असे गणित मांडणाऱ्या मॉडेलमध्ये, ही चौकट १२ किलोमीटरची होती. कोकणपट्टी साधारण ५० किलोमीटर रुंद, म्हणजे खाड्या, खलाटी, वलाटी, सडे आणि घाटाचा पायथा हे सगळे जेमतेम चार चौकटींत कोंबलेले. दापोलीत धो धो पाऊस आणि खेडला ऊन, हा आपला नेहमीचा अनुभव त्या जाळ्यात मावणार कसा? २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली आणि चौकट ६ किलोमीटरवर आली. चाराच्या आठ चौकटी झाल्या, एवढ्याने काय मोठे, असे वर्गातल्या एकीला वाटले. पण बाजू निम्मी केली की तेवढ्याच क्षेत्रात चौकटी चौपट होतात, आणि चौकट लहान झाल्यावर हिशेब बिनसू नये म्हणून काळाची पावलेही निम्मी टाकावी लागतात. तेव्हा काम आठपट वाढते. त्यासाठी त्याच संस्थेत २०२४ मध्ये 'अर्का' हा महासंगणक आला, ज्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या गणिती क्रिया.

अशी क्षमता एकाच वेगवान प्रोसेसरमधून मिळत नाही. २००४-०५ च्या सुमारास उष्णतेमुळे प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग, म्हणजे सेकंदाला पडणारे त्याचे ठोके, वाढायचा अडला, तेव्हापासून एकाला पळवण्याऐवजी अनेकांना एकत्र जुंपण्याची रीत पडली. खेळांतली चित्रे रंगवण्यासाठी बनलेले ग्राफिक्स प्रोसेसर याच कारणाने पुढे आले: हजारो आकड्यांवर एकाच वेळी तीच क्रिया करणे, मुख्यतः मॅट्रिक्सचे गुणाकार, हे त्यांचे बलस्थान, आणि उदाहरणांवरून शिकणाऱ्या एआयच्या गणिती जाळ्याला, न्यूरल नेटवर्कला, नेमके तेच लागते. बारावीत मॅट्रिक्स 'ऑप्शनला' टाकून आलेल्यांना हे सांगताना मला थोडा आसुरी आनंद होतो.

आता एआयचे. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने 'ग्राफकास्ट' हे प्रारूप मांडले. त्यात वाऱ्याची समीकरणे सोडवली जात नाहीत. १९७९ ते २०१७ या ३९ वर्षांच्या हवामान-नोंदींवरून, आत्ताची आणि सहा तासांपूर्वीची स्थिती दिली तर पुढचे सहा तास कसे असतील, हे ते शिकले आहे. शिकण्यास ३२ चिपांना सुमारे चार आठवडे लागले, पण शिकून झाल्यावर दहा दिवसांचा अंदाज एका यंत्रावर मिनिटभराच्या आत निघतो. मात्र त्याची चौकट सुमारे २८ किलोमीटरची आहे, म्हणजे आपली सबंध कोकणपट्टी दोन चौकटींतही पुरती भरत नाही. शिवाय ज्या नोंदींवर ते शिकले, त्या समीकरणांच्या जुन्या पद्धतीनेच जुळवून तयार केलेल्या आहेत. 'एआयने जुने सगळे मोडीत काढले' असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच दाखवतो.

क्लाउडचे, म्हणजे माहिती स्वतःच्या यंत्रात न ठेवता इंटरनेटवरून दूरच्या संगणकांवर ठेवण्याचे, फार सांगावे लागले नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा माझ्या एका करसल्लागार मित्राचे संगणक पाण्याखाली गेले. ज्या अशिलांचे हिशेब ऑनलाइन ठेवले होते तेवढे वाचले, बाकीचे चिखल धुऊन वाळवलेल्या हार्ड डिस्कमधून कधीच निघाले नाहीत. नावात ढग असला तरी ती माहिती जमिनीवरच्या, भरपूर वीज खाणाऱ्या डेटा सेंटरात असते. पण ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस ना वीज होती ना मोबाइलला रेंज, आणि तेव्हा तो क्लाउड असून नसल्यासारखा होता. म्हणून काही काम दूरच्या केंद्रावर न धाडता हातातल्या यंत्रातच उरकण्याकडे, ज्याला एज कॉम्प्युटिंग म्हणतात त्याकडे, कोकणातल्या मुलांनी जरा अधिक लक्ष द्यावे असे माझे मत आहे. भाषा ओळखणारी लहान प्रारूपे आता फोनमध्येच, इंटरनेटशिवाय चालतात.

"मग घेऊ काय?" त्याने पुन्हा विचारले. मी त्याला तूर्त पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि एक वही घ्यायला सांगितले. वहीत रोज सकाळी दोन निरनिराळे अंदाज आणि घराच्या पडवीबाहेर ठेवलेल्या पर्जन्यमापकातले मिलिमीटर लिहायचे, असे ठरले आहे. पहिल्या नऊ दिवसांत त्याने तिसरा रकाना स्वतःहून वाढवला: 'बाबा काय म्हणाले'.