युमेनोशिमाची बोट आणि परदेशी हात

निशी-कासाईच्या आमच्या घरून सायकलने निघून अराकावा नदीचा पूल ओलांडला की थोड्या वेळात युमेनोशिमा येतं. नावाचा अर्थ 'स्वप्नांचं बेट', पण ही जमीन टोकियोच्या कचऱ्याच्या भरावावर उभी आहे. आता तिथे दाट झाडी आहे, खेळायची मैदानं आहेत, आणि एका छोट्या संग्रहालयात एक लाकडी मासेमारी बोट आहे: दाइगो फुकुर्यू मारू. प्रवेश मोफत. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. लहानपणापासून नाटे गावच्या बंदरात बोटी बघितलेल्या, त्यामुळे पहिल्यांदा गेले तेव्हा फलक वाचायच्या आधी मी बोटीच्या फळ्यांचे सांधेच बघत उभी राहिले.

१ मार्च १९५४ च्या पहाटे ही बोट बिकिनी बेटापासून सुमारे १६० किलोमीटरवर ट्यूना पकडत होती. अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि काही तासांनी २३ खलाशांवर प्रवाळाची पांढरी, किरणोत्सारी राख पडू लागली. ती राख संग्रहालयात एका छोट्या बाटलीत ठेवली आहे. रांगोळीची चिमूटभर पूड असावी इतकी साधी दिसते. बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले, वय ४०. बाजारात मासे विकले जाईनात. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणी सह्या गोळा करायला बाहेर पडल्या आणि देशभरात तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या.

जपानी राजकारणात परदेशी हात कुठे होता, असं मला कुणी विचारलं तर मी इथपासून सांगायला सुरुवात करीन. जानेवारी १९५५ मध्ये अमेरिकेने कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानशी अणुसहकार्याचा करार झाला आणि टोकियोच्या हिबिया पार्कमध्ये 'शांततेसाठी अणू' असं मोठं प्रदर्शन भरलं. अमेरिकी माहिती खात्याबरोबर त्याचं आयोजन योमिउरी या वृत्तपत्राने केलं. त्याचे मालक मात्सुतारो शोरिकी १९५६ मध्ये जपानच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे खुल्या झालेल्या सीआयएच्या कागदपत्रांत शोरिकींसाठी 'पोडॅम' हे सांकेतिक नाव सापडलं. वासेदा विद्यापीठाचे प्राध्यापक तेत्सुओ आरिमा यांनी ते सगळं उजेडात आणलं. शोरिकी कुणाच्या हातातलं बाहुलं नव्हते, हेही त्यातून दिसतं. त्यांना पंतप्रधान व्हायचं होतं आणि अणुऊर्जा ही त्यांची शिडी होती. दोन्ही बाजूंनी एकमेकांना वापरून घेतलं. बाहेरचा हात आत शिरतो तो असाच, आतून कुणीतरी दार उघडल्यावर.

मग ११ मार्च २०११, भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाचा अणुअपघात. त्याआधी देशात ५४ अणुभट्ट्या होत्या आणि जवळपास तीस टक्के वीज त्यांतून यायची. ५ मे २०१२ ला होक्काइदोमधली तोमारीची शेवटची चालू भट्टी थांबली. शुक्रवारी संध्याकाळी पंतप्रधानांच्या कार्यालयासमोर माणसं जमायची, 'साइकादो हानताइ', म्हणजे भट्ट्या पुन्हा सुरू करायला विरोध, असं ओरडायची. सरकारने लोकांची मतं मागवली तेव्हा सुमारे ८९ हजार पत्रं आली आणि त्यांतल्या ८७ टक्के लोकांना शून्य अणुवीज हवी होती.

१४ सप्टेंबर २०१२ ला पंतप्रधान नोदांच्या सरकारने जाहीर केलं, की २०३० च्या दशकात अणुवीज शून्यावर आणण्यासाठी सगळे प्रयत्न करू. पाचच दिवसांनी मंत्रिमंडळाने तो दस्तऐवज मंजूर न करता नुसता संदर्भ म्हणून ठेवला. मधल्या दिवसांत वॉशिंग्टनची नाराजी वर्तमानपत्रांत येत होती. महिनाभर आधी आर्मिटेज आणि नाय या माजी अमेरिकी अधिकाऱ्यांच्या अहवालाने जपानला अणुवीज सोडू नका असंच बजावलं होतं. अमेरिकेची एक शंका मला रास्त वाटते. भट्ट्या बंद करायच्या, पण आओमोरी प्रांतातल्या रोक्काशो इथे वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढण्याचा प्रकल्प चालू ठेवायचा, मग ते प्लुटोनियम जाळणार कुठे? जपानच्या नावावर आजही सुमारे ४४ टन आहे, त्यातलं बरंचसं ब्रिटन आणि फ्रान्समध्ये. रोक्काशो बंद करावा, तर आओमोरी प्रांत म्हणे, मग साठवलेलं इंधन परत घेऊन जा.

म्हणून सगळं खापर वॉशिंग्टनवर फोडणं मला पटत नाही. देशातल्या उद्योगपतींच्या संघटनांचाही विरोध होताच. त्या डिसेंबरच्या निवडणुकीत लोकांनी नोदांचा पक्ष घालवला आणि भट्ट्या पुन्हा चालवणाऱ्या पक्षाला भरघोस जागा दिल्या. फेब्रुवारी २०२५ च्या ऊर्जा आराखड्यातून तर 'अणुवीज शक्य तितकी कमी करू' हे वाक्यच काढून टाकलं. ते वाचलं त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं.

त्याच वर्षी जुलैच्या निवडणुकीत 'गाइकोकुजिन', म्हणजे परदेशी माणसं, हा प्रचाराचा मोठा मुद्दा झाला. आमच्या स्टेशनबाहेर ध्वनिक्षेपकावरून तो शब्द आला की माझी नऊ वर्षांची लेक माझा हात घट्ट धरायची. आम्ही इथे कर भरतो, मुलांना इथल्या शाळेत घालतो. आम्हाला मत नाही. ज्यांच्या प्रभावाने या देशाची वीज ठरली, त्यांचा विषय त्या भाषणांत मी एकदाही ऐकला नाही, आणि याचा मला खरंच राग येतो.

गेल्या रविवारी लेकीला घेऊन पुन्हा बोट बघायला गेले. तिथल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, गाव कुठलं? मी फोनवर नकाशा उघडून जैतापूरची खाडी दाखवली. पलीकडे माडबनला मोठा अणुप्रकल्प व्हायचा आहे हे सांगितलं. फुकुशिमानंतर महिना-सव्वा महिन्यातच, एप्रिल २०११ मध्ये, त्याविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन नाटे गावात एक तरुण गेला, हेही सांगितलं. भारत आणि जपानचा अणुकरार नोव्हेंबर २०१६ मध्ये इथे टोकियोतच झाला, ते त्यांना ठाऊक होतं. बराच वेळ त्या नकाशाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिथे कोणते मासे मिळतात?"

बांगड्याला जपानीत नेमकं काय म्हणायचं ते मला आठवेना. मी फोनवर फोटो शोधून दाखवला.

"साबासारखाच की!" त्या म्हणाल्या आणि लेकीला जवळ बोलावून बोटीचा नांगर दाखवायला घेऊन गेल्या.