जपानीतून जपानीत

मी योकोहामात दुभाष्याचं काम करतो. क्लायंट जपानी, कोड लिहिणारी मंडळी पुण्यात, आणि मधे मी. पण त्या हिवाळ्यात माझ्या गळ्यात जे काम पडलं ते कुठल्याच करारात बसणारं नव्हतं. दोन जपानी माणसांमध्ये जपानीतून जपानीत दुभाषेगिरी.

त्यातले एक बुचो, म्हणजे विभागप्रमुख, निवृत्तीला टेकलेले. दुसरे काचो, बुचोंच्याच हाताखाली घडलेले, पंचेचाळिशीतले. ऑफिसात सगळे त्यांना हुद्द्यानेच हाक मारायचे, मीही. ऑक्टोबरात एका मीटिंगमध्ये डायरेक्टर समोर बसलेले असताना काचोंनी सांगून टाकलं, की जुन्या सिस्टिममधला डेटा ठरल्या तारखेला नव्या सिस्टिममध्ये जाणार नाही. बोलणं शंभर टक्के खरं होतं. पण तिथे अशी गोष्ट आधी बुचोंच्या कानावर घालायची, त्यांनी ती गुपचूप वर पोचवायची, आणि मीटिंग हा फक्त उपचार. काचोंनी ती पायरीच गाळली. बुचोंनी अबोला धरला.

आता एकाच प्रोजेक्टवर अबोला धरून काम कसं चालतं? ते माझ्यामार्फत चालायचं. शेजारी काचो बसलेले असताना बुचो माझ्याकडे बघून म्हणायचे, "टेस्ट डेटा कधी मिळणार, जरा विचारून घ्या." मी मान वळवून तेच वाक्य, त्याच भाषेत, काचोंना ऐकवायचो. काचो मला उत्तर द्यायचे, ते मी बुचोंना सांगायचो. कुणालाही हसू यायचं नाही. पुण्याच्या टीमला व्हिडिओवर वाटायचं, आमच्यात काहीतरी फार गहन चाललंय.

डिसेंबरात बोनेनकाई झाली, म्हणजे वर्षअखेरीचं ऑफिसचं जेवण. डायरेक्टर आले, चार शब्द बोलले, टॅक्सीत बसून गेले. मग उरलेली मंडळी दुसऱ्या बैठकीला निघाली, आणि दुसरी बैठक म्हणजे बहुतेक वेळा कराओकेच. कान्नाई स्टेशनजवळून आम्ही इसेझाकिचोच्या रस्त्याला लागलो. कोणीतरी मला हौसेने दाखवलं, की मात्सुझाकाया डिपार्टमेंट स्टोअर इथे होतं आणि रात्री शटर पडल्यावर त्याच्यासमोर 'युझू'ची दोन पोरं गिटार घेऊन गायची. पुढे ती देशभर गाजली. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने त्यांचंच गाणं घेतलं होतं. स्टोअर मात्र 2008 मध्ये बंद झालं.

पुरुषांच्या जोडगाण्यांचा विषय त्या रस्त्यावरच निघाला. पूर्वी ऑफिसच्या कराओकेत जोडगाणं म्हणजे एक बाई, एक पुरुष. 1961 चं 'गिन्झा नो कोइ नो मोनोगातारी' लावायचं आणि साहेबाने एखाद्या तरुण मुलीला शेजारी उभं करायचं. पडद्यावर दोघांच्या ओळी वेगवेगळ्या रंगांत येतात, एकत्र म्हणायच्या ओळींना तिसरा रंग. त्या मुलींना काय वाटत असेल, ते त्या काळी कुणी विचारत नसे. आता असं कुणाला ओढून उभं केलं तर प्रकरण एचआरकडे जातं, आणि जायलाच हवं. त्यामुळे पुरुष पुरुषांबरोबरच गातात, आणि त्यासाठी गाण्यांची ददात नाही. युझू आहेत, ओसाकाकडचे कोबुकुरो आहेत, 2025 पर्यंत किंकी किड्स या नावाने गाणारी जोडी आहे. आणि जरा पिकलेल्या मंडळींसाठी चागे अँड आस्का.

खोलीत बारा-तेरा जण, दोन माइक, एक खुळखुळा, उलाँग चहाचे जग. सगळ्यात ज्युनिअर पोरगा गाणी लावायचं टॅबलेट सांभाळत होता. दोन-चार गाणी झाली आणि त्याने 'याह याह याह' लावलं. 1993 चं चागे अँड आस्काचं गाणं, तेव्हा वीस लाखांच्या वर खपलेलं. ज्या टीव्ही मालिकेचं ते शीर्षकगीत, तिच्यात एकाच हॉस्पिटलातले दोन सर्जन एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात. पोराने एक माइक बुचोंच्या हातात दिला आणि दुसरा काचोंच्या. त्याला अबोल्याची कल्पना नव्हती की चांगलीच होती, हे त्याला विचारायचं माझं अजून राहूनच गेलंय.

खोली चिडीचूप. हे बुचोंचं ठेवणीतलं गाणं, आणि साहेबाच्या ठेवणीतल्या गाण्याला हाताखालच्याने तोंड लावायचं नसतं. गाणं सुरू व्हायला दोन-तीन सेकंदच असतील. तेवढ्यात काचोंनी पोराच्या हातातून टॅबलेट घेतलं आणि सूर दोन पट्ट्या खाली आणला. बोलले काहीच नाहीत, वरही बघितलं नाही. बुचोंचा गळा आता कुठपर्यंत पोचतो हे त्यांना पाठ होतं, इतकी वर्षं ते त्यांच्या मागे मागे कराओकेला गेले होते. बुचोंनी पडद्यावरचा 'उणे दोन' हा आकडा बघितला. मी त्यांच्याकडेच बघत होतो म्हणून सांगतो, त्यांच्या भुवया हलल्या.

मुख्य चाल बुचोच धरणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पहिला शब्द काचोंनी उचलला, कारण बुचोंनी तोंडच उघडलं नाही. मला वाटलं, आता माइक टेबलावर ठेवणार. पण ध्रुवपद आलं आणि बुचो चागेच्या जागी शिरले, म्हणजे वरच्या सुरात. मूळ गाण्यात आस्का मुख्य चाल गातो आणि चागे त्याच्या डोक्यावरून दुसरी चाल नेतो. या वरच्या माणसाला मशीनची काही मदत नसते. पडद्यावर नुसते शब्द, आणि मागे वाट दाखवणारी जी बारीक धून वाजते ती मुख्य चालीची. बुचो कानावर भिस्त ठेवून गात होते, आवाज मधेच फाटत होता, पण काचोंच्या सुराला त्यांनी एकदाही धक्का लागू दिला नाही.

गाण्याचा आशय असा की, ज्याने दुखावलंय त्याला हाणायला आपण दोघं मिळून जाऊ, चल आत्ताच. मुठी हवेत उडवत सगळे ओरडायला लागले. हाणायचं कुणाला, याबद्दल त्या खोलीत दुमत नसावं. तो तासाभरापूर्वीच टॅक्सीने घरी गेला होता.

नंतर मलाही ओढलं. बुचो म्हणाले, "तुम्ही मुख्य धरा, मी वर जातो." माझा सूर कच्चा नाही, लहानपणी आईच्या भजनी मंडळात पेटी वाजवलीय. पण शेजारचा माणूस वेगळी चाल गायला लागला की माझा गळा आपसूक त्याच्याकडे सरकतो. आपल्याकडे आरतीला शंभर माणसं असली तरी चाल एकच असते. जपानी पोरांना मात्र शाळेत समूहगानाच्या स्पर्धांसाठी वेगवेगळ्या सुरांत एकत्र गायला शिकवतात, त्यामुळे हिशेबनीस असो की वेल्डर, कुणीही सहज दुसरा सूर धरतो. मी एका कानात बोट घालून गायलो. मग "तुमच्या देशातलं दोन पुरुषांचं गाणं?" अशी फर्माईश झाली. मी फोनवर 'शोले'मधलं 'ये दोस्ती' लावलं. मोटारसायकल सगळ्यांना फार आवडली.

वेळ संपत आल्याचा काउंटरवरून फोन आला, कुणी वाढवून मागितली नाही, शेवटच्या गाड्या पकडायच्या होत्या. बुचो आणि काचो वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर गेले. एकमेकांशी बोलल्याचं मी काही ऐकलं नाही.

सोमवारी दुपारी दीडला नेहमीची मीटिंग, पुण्यात सकाळचे दहा. बुचोंनी डेटाच्या तारखेचा विषय काढला. मी सवयीने मान वळवली, तोवर काचोंनी थेट त्यांनाच उत्तर दिलं. बुचो म्हणाले, हे चालणार नाही. काचो म्हणाले, दुसरा मार्ग असेल तर तुम्हीच दाखवा. मग जी जुंपली ती अर्धा तास. आवाज चढले, तक्ते फळ्यावर गेले, एका टेबलाचे कॉलम दोनदा मोजले गेले. माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. चॅटवर पुण्याहून मेसेज आला, "अरे, काय चाललंय तिकडे? काही ट्रान्सलेट करतोस का?"

मी लिहिलं, "भांडतायत. चालू दे. तुम्ही चहा पिऊन या."