तुम्ही विचारलंत म्हणून: वाद्याला झाकण का नाही?

मी बनवलेली डिजिटल वाद्यं बघायला येणारे बहुतेक जण दोन गोष्टी विचारतात. साधा लॅपटॉपसुद्धा आता इतका वेगवान असताना तुम्ही एकेका मिलिसेकंदासाठी एवढं का झगडता? आणि इतकी मेहनत घेतल्यावर निदान झाकण तरी का बसवत नाही, आतल्या विजेच्या तारा अशा उघड्या का? माझ्या लेखी हा एकच प्रश्न आहे. वाद्य वाजवणाऱ्याला ते आतून आपलं करून घेता यावं, आणि त्यासाठी हात लागताक्षणी वाद्यानं बोललं पाहिजे.

आधी उशिराचं बघू, म्हणजे हात लागल्यापासून आवाज येईपर्यंत जाणाऱ्या वेळाचं. लॅपटॉपचा प्रोसेसर गणितात कमी पडत नाही. उशीर होतो तो आवाज गठ्ठ्यानं हाताळल्यामुळे. ऑपरेटिंग सिस्टिमला एकाच वेळी दहा कामं असतात, म्हणून ती आवाजाचे नमुने, म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेली त्याची मोजमापं, साठवून एकदम पुढे ढकलते. हा साठा म्हणजे बफर. सेकंदाला 44,100 नमुने धरले तर 256 नमुन्यांचा एक बफर भरायला 5.8 मिलिसेकंद लागतात. एक आत येताना, एक बाहेर जाताना, म्हणजे साडेअकरा तिथेच गेले. सेन्सर यूएसबीवरून जोडलेला असेल तर त्याची खेप वेगळी. बफर लहान केला की लॅपटॉपला एखादी खेप वेळेत गाठता येत नाही आणि आवाजात तडतड येते.

पण उशीर तर सगळ्याच वाद्यांत असतो. आवाज 1 मिलिसेकंदात जेमतेम 34 सेंटिमीटर जातो. अ‍ॅम्प्लिफायरपासून साडेतीन मीटरवर उभा असलेला गिटारवादक रोज 10 मिलिसेकंद उशिरानं स्वतःला ऐकतो, आणि त्याचं काही अडत नाही. अडतं ते उशीर दर वेळी वेगळा असला की. डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट या संगणक-संगीताच्या संशोधकांनी 2002 मध्येच दोन मर्यादा सुचवल्या होत्या: उशीर जास्तीत जास्त 10 मिलिसेकंद, आणि त्यातला चढउतार, म्हणजे जिटर, 1 मिलिसेकंद. पहिला आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, दुसरा कुणी काढत नाही. पुढे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी व्यावसायिक तालवादकांना आणि हौशी वादकांना तेच वाद्य वेगवेगळ्या उशिरांनी वाजवायला दिलं. सलग 10 मिलिसेकंदांचा उशीर लोकांनी जवळपास शून्यासारखाच चालवून घेतला. 20 मिलिसेकंदांचं वाद्य मात्र कमी दर्जाचं वाटलं. आणि 10 मध्ये 3 मिलिसेकंदांचा मागेपुढे चढउतार घातला, तर तेही तसंच कमी दर्जाचं वाटू लागलं. उशीर होतोय असं प्रत्येकाला सांगता येतंच असं नाही, वाद्य बरं नाही एवढंच हाताला कळतं. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो.

म्हणून मी सेन्सर आणि आवाज एकाच लहान बोर्डवर ठेवतो. याच विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून आलेला बेला हा बोर्ड त्याचं चांगलं उदाहरण. त्यातल्या बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालू असते, पण झेनोमाय या तिच्या जोडीच्या सॉफ्टवेअरमुळे आवाजाचं काम लिनक्सच्या बाकी सगळ्या कामांच्या आधी होतं. बफर अगदी 2 नमुन्यांपर्यंत खाली नेता येतो आणि आवाज आत येऊन बाहेर पडण्याची सगळी फेरी 1 मिलिसेकंदाच्या आसपास उरकते. माझ्या दृष्टीनं खरी मोलाची गोष्ट म्हणजे सेन्सरचं वाचन आवाजाच्याच घड्याळावर होतं, त्यामुळे बोट आणि आवाज एकमेकांपासून सरकत नाहीत.

आता झाकण. त्याच प्रयोगशाळेत व्हिक्टर झापी आणि अँड्र्यू मॅकफर्सन यांनी 2014 मध्ये डी-बॉक्स नावाचं वाद्य मांडलं. लाकडी पेटी, स्पर्शाचे सेन्सर, आत स्पीकर आणि एक ब्रेडबोर्ड, म्हणजे डाग न देता तारा नुसत्या खोचून जोडायची भोकांची पट्टी. वाद्याचे आतले काही सिग्नल मुद्दाम त्या ब्रेडबोर्डवरून फिरवून आणले होते. तार उपसली, दुसरीकडे खोचली की वाद्याचा स्वभावच पालटतो. कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. मी हीच वाट धरली.

माझ्याकडे एक वादक आली होती, तिला इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नव्हता. तिनं स्वराची उंची ठरवणारा रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह रोखणारा छोटा भाग, काढला आणि त्या दोन भोकांत दोन तारा खोचून त्यांची उघडी टोकं चिमटीत धरली. रेझिस्टरच्या जागी आता तिची बोटं होती. स्वर घरंगळत खाली आला. तिनं पकड घट्ट केली, तो वर चढला. सैल सोडली, पुन्हा उतरला. हे असं वाजवता येईल हे मी वाद्य बनवताना योजलं नव्हतं. काही वेळातच ती त्यावर मींड काढत होती. तार खोचल्यावर अर्ध्या सेकंदानं आवाज बदलला असता, तर तिनं ती तार पहिल्या मिनिटातच परत जागेवर ठेवली असती.

असं मोकळं सोडायचं तर आधी बंदोबस्त नीट लागतो. कुठलीही दोन टोकं जोडली तरी काही जळता कामा नये. म्हणून बाहेर आणलेल्या प्रत्येक टोकाला आतून 1 किलोओहमचा रेझिस्टर असतो. 5 व्होल्टचं टोक थेट ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या टोकाला, टेकलं तरी 5 मिलिअँपियरच्या वर प्रवाह जात नाही. मोडेल ही भीती असेल तर कुणी हात घालत नाही.

स्क्रीनवर दोनशे पर्याय देणारी वाद्यंही लवचीक असतात असं मला सांगितलं जातं. मला ते पटत नाही. बनवणाऱ्यानं आधीच कल्पिलेलं तेवढंच त्या यादीत सापडतं. तबल्यावर चाट, मैदान आणि शाई यांच्या मधल्या रेषेवर बोट किंचित सरकलं की जे सापडतं, त्याची यादी कुणी करून ठेवलेली नसते. डिजिटल वाद्यात ती जागा आपोआप तयार होत नाही, बनवणाऱ्यालाच ती राखून ठेवावी लागते.

तुमचं स्वतःचं वाद्य तपासायचं असेल तर एक मायक्रोफोन पुरे. तो पॅड, म्हणजे वाद्याची हात मारायची जागा, आणि स्पीकर दोघांच्याही अगदी जवळ ठेवा, पॅडवर टिचकी मारा आणि सगळं एकाच ट्रॅकवर रेकॉर्ड करा. टिचकीचा ठोका आणि वाद्याचा आवाज यांच्यातले नमुने मोजा. 44,100 च्या रेकॉर्डिंगमध्ये 441 नमुने म्हणजे 10 मिलिसेकंद. एका टिचकीवर थांबू नका, पन्नासेक मारा आणि सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंतरातला फरक काढा. तोच तुमच्या वाद्याचा जिटर. बफरचा आकडा बदलायच्या आधी हा फरक बघा.